पटावर नसलेलं काम

१३ सप्टेंबर २०१२ रोजी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च आणि आसपासच्या शाळांचे मुख्याध्यापक शहराबाहेरच्या लिंकन गावात एका सभागृहात जमले. शिक्षणमंत्री हेकिया पराटा बोलणार होत्या. दारातच प्रत्येकाला नावाचा बिल्ला मिळाला. बिल्ले तीन रंगांचे होते: हिरवे, नारिंगी आणि जांभळे. रंग कशावरून ठरले, हे बिल्ला गळ्यात घालताना कुणाला ठाऊक नव्हतं. आपल्या शाळेचं पुढे काय होणार ते त्या रंगावरून ओळखायचं, हे आत गेल्यावर कळलं. भूकंपानंतरच्या शैक्षणिक पुनर्रचनेचा तो प्रस्ताव होता. १३ शाळा बंद करायच्या, १८ शाळांचं एकमेकींत विलीनीकरण करायचं आणि अरानुई या पूर्वेकडच्या वस्तीतल्या पाच शाळांच्या जागी एकच मोठं संकुल उभारायचं. दहा वर्षांत एक अब्ज न्यूझीलंड डॉलर खर्चून उरलेल्या शाळा दुरुस्त करू, नव्या बांधू, असंही त्यात म्हटलं होतं. ते त्या दिवशी कुणाच्या कानात शिरलं नाही.

मुख्याध्यापक परत येईपर्यंत बातमी रेडिओवर येऊन गेली होती. शहराच्या पूर्व भागातल्या एका छोट्या प्राथमिक शाळेच्या कार्यालयातला फोन खाली ठेवायची सोय उरली नाही. तो उचलणाऱ्या बाई मूळच्या उमरगा तालुक्यातल्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे देश बदलला, मुलं मोठी झाली आणि मुलांच्याच शाळेत त्यांना कार्यालयीन काम मिळालं. त्यांचं आणि शाळेचं नाव इथे घ्यायचं कारण नाही. त्या दिवशी फोनवर विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी एकच उत्तर दिलं, ‘मुख्याध्यापक आल्यावर कळवते.’ मुख्याध्यापक आले तेव्हा त्यांना तरी कुठे काय सांगता येत होतं? गळ्यातला बिल्ला मात्र त्यांनी गाडीतच काढून ठेवला होता.

तिकडच्या प्राथमिक शाळेतलं कार्यालय म्हणजे आपल्याकडचा लिपिक, शिपाई आणि परिचारिका एकाच खुर्चीत. नऊ वाजून गेले तरी न आलेल्या मुलाच्या घरी फोन करायचा, ताप आलेल्या पोराला कोचावर झोपवायचं, सहलीचे पैसे मोजायचे, हरवलेल्या टोप्यांची पेटी सांभाळायची आणि या सगळ्यातून पट अद्ययावत ठेवायचा. पट हा या कामाचा कणा. दर वर्षी १ मार्च आणि १ जुलैला शाळेत किती मुलं आहेत ते मंत्रालयाला कळवायचं असतं. शिक्षक किती आणि पैसा किती, हे त्यावर ठरतं.

आणि २०११ चा भूकंप झाला तो १ मार्चच्या आधीच्या आठवड्यात.

पहिला धक्का त्याआधीच बसला होता. ४ सप्टेंबर २०१० च्या पहाटे ७.१ तीव्रतेच्या भूकंपाने शहर हादरलं, पण पहाटेची वेळ, त्यात शनिवार, माणसं वाचली. २२ फेब्रुवारी २०११ ला दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी बसलेला धक्का आकड्याने लहान होता, पण शहराच्या अगदी जवळ आणि उथळ. १८५ माणसं गेली. त्यातली ११५ एकट्या सीटीव्ही इमारतीत गेली. तिथे इंग्रजी शिकायला आलेले परदेशी विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. प्राथमिक शाळांत ती मधल्या सुट्टीची वेळ. मुलं मैदानावर होती.

बाई किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी बारावीला होत्या. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, गणपती बोळवून गाव झोपलेलं, आणि त्यानंतर महिनाभर पत्र्याखाली काढलेल्या रात्री त्यांच्या अंगात मुरलेल्या होत्या. त्यामुळे जमीन हलायची थांबल्यावर आता काय करायचं हे शाळेतल्या इतर मोठ्यांपेक्षा त्यांना जरा आधी सुचलं, असं त्या सांगतात. त्यांनी हजेरीची छापील यादी उचलली आणि मैदान गाठलं. वीज गेलेली, संगणक बंद. हातात कागद होता म्हणून बरं. मैदानाच्या कडेने जमिनीतून करडा गाळ उकळी आल्यासारखा वर येत होता. ओल्या वाळूची जमीन हादऱ्याने पातळ होते आणि फटीफटींतून वर येते. त्या चिखलातून चालत एकेक पालक यायचा, आणि बाई यादीवर खूण करून मूल ताब्यात द्यायच्या. पूल खचलेले, रस्ते तुंबलेले. शेवटच्या मुलाची आई शहराच्या मध्यातून चालत आली तेव्हा अंधार पडला होता. स्वतःच्या घरी काय झालंय हे माहीत नसलेले शिक्षक तोवर मुलांना गोष्टी सांगत बसले होते.

त्यानंतरचे महिने या शहरातल्या लोकांना विचारले की बहुतेक जण घरापेक्षा शाळेबद्दल जास्त बोलतात. घराघरांत पाणी नाही, सांडपाण्याची वाहिनी फुटलेली, रस्त्यावर रांगेने उभी केलेली प्लास्टिकची शौचालयं. विद्यापीठातल्या पोरांनी स्वयंसेवकांची फौज उभी केली आणि फावड्याने गाळ उपसला; त्यांना चहा-पाव कुठे द्यायचा, तर शाळेच्या व्हरांड्यात. ज्या माध्यमिक शाळांच्या इमारती वापरण्याजोग्या राहिल्या नव्हत्या त्या दुसऱ्यांच्या इमारतीत भरू लागल्या. शर्ली बॉइज हायस्कूल पापानुई हायस्कूलमध्ये, एव्हनसाइड गर्ल्स बर्नसाइडमध्ये, लिनवूड कॉलेज कॅश्मिअर हायस्कूलमध्ये. एक शाळा सकाळची, दुसरी दुपारची. मुंबई-पुण्यात दोन पाळ्यांच्या शाळेत काही नवल नाही; त्या लोकांना ते आक्रीत वाटलं होतं.

बाईंच्या शाळेत दोन पाळ्या नव्हत्या, पण शाळेचं काम शाळेपुरतं राहिलं नाही. पाण्याची टाकी फाटकाशी ठेवलेली होती. विमा कंपनीचे अर्ज कसे भरायचे ते सांगायला कुणीतरी माहीतगार गुरुवारी सभागृहात बसायचा. घर सोडून गाडीत झोपणाऱ्या एका कुटुंबाची आंघोळ शिक्षकांच्या न्हाणीघरात व्हायची. मुख्याध्यापकांना ते ठाऊक होतं आणि ते त्याविषयी कुणाशी बोलत नव्हते. बेकऱ्या पाव पाठवायच्या, तो उरलेला पाव दुपारी तीन वाजता पालक घेऊन जायचे. भूकंपोत्तर धक्के हजारोंनी मोजावे लागले. वर्गात शिक्षिकेने ‘कासव!’ म्हटलं की पाच वर्षांची पोरं टेबलाखाली शिरून, गुडघे पोटाशी घेऊन, मानेवर हात ठेवायची. बाई हातात फोन तसाच धरून टेबलाखाली जायच्या आणि पलीकडच्या पालकाला सांगायच्या, ‘थांबा हं, एक मिनिट.’ पलीकडचा पालकही त्याच्या टेबलाखालीच असायचा.

त्या काळात पट मात्र डोळ्यांदेखत गळत होता. तिथे देशभरातल्या विद्यार्थ्यांची एकच संगणकीय नोंद असते. मूल दुसऱ्या शाळेत दाखल झालं की नवी शाळा ती नोंद आपल्याकडे ओढून घेते. दाखल्यासाठी हेलपाटे घालावे लागत नाहीत. पडद्यावर एक ओळ येते आणि नाव जातं. फेब्रुवारीनंतर वेलिंग्टन, ऑकलंड, डनीडन, असे गावोगावचे शाळाक्रमांक बाईंच्या पडद्यावर येऊ लागले. काही मुलं महिन्याभराने परतली, काही नाही. एका कुटुंबाने ऑस्ट्रेलियाला जाताना शाळेत येऊन रीतसर निरोप घेतला. बाकीची नुसती पडद्यावरून गेली. पट का कमी होतोय हे बाईंना एकेका नावानिशी माहीत होतं, आणि मंत्रालयाला कळवायच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

सरकारची बाजूही इथे मांडायला हवी. भूकंपापूर्वीच्या तुलनेत या भागातल्या शाळांत चार हजारांहून अधिक मुलं कमी झाली होती. नदीकाठची सुमारे आठ हजार घरं ‘लाल क्षेत्रा’त गेली, ती जमीन पुन्हा घर बांधण्याजोगी नाही असं ठरलं आणि सरकारने घरमालकांना २००७ च्या मूल्यांकनाने पैसे देऊ केले. लोक पश्चिमेला हॅल्सवेलकडे, रोलस्टनकडे, उत्तरेला रँगिओराकडे सरकले. तिकडे वर्ग अपुरे आणि पूर्वेला वर्ग रिकामे. खचलेल्या जमिनीवर निम्म्या मुलांसाठी इमारत पुन्हा बांधा, असं कुठलाही हिशेबनीस सांगणार नाही. बाईंनाही ते पटत होतं. शाळा बंदच करू नये असं त्या तेव्हाही म्हणाल्या नाहीत.

त्यांना खटकलं ते वेगळंच, आणि ते समजायला किल्लारीचा अनुभव उपयोगी पडला. लातूर-उस्मानाबादच्या पुनर्वसनात पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं उचलून नव्या जागी वसवली. त्या वसाहती काटकोनात आखलेल्या, शहरी कॉलनीसारख्या; भावकी विस्कटली, गल्ली गेली, पाराचं झाड मागे राहिलं, म्हणून लोकांनी नावं ठेवली आणि ती रास्तच होती. पण पुनर्वसनाचं एकक गाव होतं. गाव हललं की त्याच्यासोबत ग्रामपंचायत, समाजमंदिर आणि शाळा हलली. क्राइस्टचर्चमध्ये एकक होतं घराचा प्लॉट. प्रत्येक घरमालकाशी स्वतंत्र व्यवहार, प्रत्येकाचा विमा वेगळा, प्रत्येकाची निघायची तारीख वेगळी. वस्ती म्हणून कुणी कुठे गेलं नाही, एकेक घर गेलं. मग ती वस्ती उरली कुठे? सकाळी पावणेनऊला आणि दुपारी तीनला शाळेच्या फाटकाशी! रोलस्टनला भाड्याने राहायला गेलेले कितीतरी पालक तिथली शाळा सोडून रोज गाडीने मुलांना जुन्याच शाळेत आणत होते. पेट्रोल जाळून कशाला येता, असं बाईंनी एका आईला विचारलं, तेव्हा तिने मुलाकडे बोट दाखवलं आणि मग जरा थांबून स्वतःकडे.

न्यूझीलंडमध्ये १९८९ पासून प्रत्येक सरकारी शाळेचा कारभार पालकांनी निवडून दिलेल्या विश्वस्त मंडळाकडे असतो. आपल्याकडची शाळा व्यवस्थापन समिती कागदावर तशीच दिसते; तिथे मंडळ मुख्याध्यापकाची नेमणूक करतं, पैसा सांभाळतं. पोहण्याचा तलाव, झोपाळे, सभागृहाचं छप्पर, यांतलं बरंच काही पालकांनी शनिवारी सॉसेज भाजून विकून आणि जत्रा भरवून जमवलेल्या पैशातून उभं राहिलेलं. अशी शाळा सरकारची आहे हे लोकांच्या लक्षातच नसतं. म्हणून सप्टेंबर २०१२ चा धक्का जमिनीच्या धक्क्याहून निराळा होता. ‘हा फक्त प्रस्ताव आहे, तुमचं म्हणणं मांडा’ असं मंत्रालय सांगत होतं, आणि मांडायला मुदत होती डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतची. तीही कुणाला? ज्यांची विम्याची भांडणं चालू होती, जे दोन वर्षांत तीन घरं बदलून बसले होते त्यांना.

शहरभर फाटकांवर कापडी फलक लागले, मुलांनी फुटपाथवर खडूने शाळांची नावं लिहिली, मोर्चे निघाले. बाईंच्या शाळेतल्या पहिल्या पालकसभेला सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. अर्धा तास माणसं नुसती रडली आणि ओरडली. मग एक आजोबा उठले. याच शाळेत ते शिकलेले, त्यांची मुलं शिकलेली. त्यांनी विचारलं, की मंत्रालयाच्या कागदावर आपल्या शाळेच्या नावापुढे नेमकं काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवेल का? मुख्याध्यापकांनी वाचलं. जमिनीची स्थिती, इमारतीच्या दुरुस्तीचा अंदाज, पट आणि रिकाम्या जागा. संपलं.

‘आणि पाण्याची टाकी?’ मागून कुणीतरी म्हणालं.

तिथून निवेदनाला दिशा मिळाली. मंडळाने बाईंना काम दिलं ते पटावर नसलेल्या गोष्टींची यादी करायचं. त्यांनी आपली डायरी काढली. सभागृह आठवड्यात कोण कोण वापरतं: सामोअन चर्च रविवारी, लहान बाळांच्या आयांचा गट मंगळवारी, दारू सोडलेल्यांची बैठक बुधवारी रात्री. वाचनालयातली पुस्तकं शेजारच्या वृद्धाश्रमात जातात. मतदान केंद्र इथेच असतं. समुपदेशक इथे येतो आणि दिवसाला इतकी मुलं बघतो. घराजवळ ही सोय नसती तर यांतल्या किती पालकांनी मुलाला गावात नेऊन दाखवलं असतं? बाई प्रत्येक ओळ शक्यतो एखाद्या तारखेला किंवा पावतीला बांधत गेल्या. वर्षानुवर्षं पट भरल्यामुळे आकडे नसलेलं म्हणणं मंत्रालयात टिकत नाही, हे त्यांना पाठ होतं. काही शाळांना तर मंत्रालयाच्या कागदात स्वतःविषयीची माहितीच चुकीची सापडली, आणि तिथली निवेदनं चुका दुरुस्त करण्यातच निम्मी संपली.

ऑकलंड विद्यापीठातल्या प्राध्यापक कॅरल मच यांनी भूकंपानंतर क्राइस्टचर्चच्या शाळांबरोबर बसून मुलांच्या, पालकांच्या आणि शिक्षकांच्या हकिगती नोंदवल्या. आपत्तीच्या पहिल्या तासापासून पुढच्या काही वर्षांपर्यंत शाळा काय काय होते, हे त्यांच्या कामातून अभ्यासकांपुढे आलं. बाईंच्या डायरीत तेच होतं, फक्त मराठी-इंग्रजी मिसळून आणि पेन्सिलीने.

निर्णय १८ फेब्रुवारी २०१३ ला आला, म्हणजे भूकंपाच्या दुसऱ्या स्मृतिदिनाला चार दिवस असताना. तारीख ठरवणाऱ्याने कॅलेंडर पाहिलं नसेल असं म्हणायचं आणि पुढे जायचं. ३१ शाळांपैकी १२ वाचल्या. ७ बंद आणि १२ शाळांचं विलीनीकरण, असा तो अंतरिम निकाल होता. मे महिन्यात तो थोड्याफार फरकाने कायम झाला. लिटलटन बंदरातल्या दोन प्राथमिक शाळांची एक झाली. बरवूड आणि विंडसर मिळून वाइटाकिरी शाळा निघाली. न्यू ब्रायटनच्या किनाऱ्याकडच्या तीन शाळांची मिळून राव्हिती. बाईंच्या शाळेचाही विलीनीकरणाच्या यादीत नंबर लागला.

फिलिप्सटाउनने मात्र मान तुकवली नाही. क्रिकेटवेड्या वाचकाला हा भाग नकाशावर शोधायचा तर लँकेस्टर पार्कवरून शोधता येईल. १९९० मध्ये रिचर्ड हॅडलीने संजय मांजरेकरचा त्रिफळा उडवून चारशेवा बळी घेतला ते मैदान इथून जवळच होतं. भूकंपात तेही गेलं, पुढे पाडलं. फिलिप्सटाउन ही कष्टकऱ्यांची, कमी उत्पन्नाची वस्ती. तिथली शाळा वूलस्टनच्या शाळेत मिसळायचं ठरलं, तेव्हा शाळेने उच्च न्यायालयात दाद मागितली. ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यायमूर्ती फोगर्टी यांनी मंत्र्यांचा निर्णय बेकायदा ठरवला. लोकांचं म्हणणं मागवलं ते नीट माहिती न देता, खर्चाचा हिशेब त्यांच्यापुढे धड न ठेवता, असं कारण होतं. त्या संध्याकाळी शहरातल्या जवळजवळ प्रत्येक शाळेच्या शिक्षकखोलीत हाच विषय होता.

मंत्र्यांनी पुन्हा रीतसर म्हणणं मागवलं, या वेळी कागद पुरवून. आणि पुन्हा तोच निर्णय दिला. २०१५ च्या सुरुवातीला फिलिप्सटाउन आणि वूलस्टन मिळून ‘ते वाका उनुआ’ ही शाळा वूलस्टनच्या जागेवर सुरू झाली. खटला जिंकला, शाळा गेली.

याच्या शेजारी रेडक्लिफ्सची गोष्ट ठेवली की प्रश्न पडतो. समुद्राकाठचं सुखवस्तू उपनगर. शाळेमागचा कडा भूकंपात कोसळला, म्हणून २०११ पासून मुलं बसने सम्नरमधल्या कर्णबधिर विद्यालयाच्या आवारात जात होती. पुढे ही शाळा बंद करण्याचा प्रस्ताव आला. लोक लढले. स्वतंत्र तज्ज्ञ, मुद्द्यांना धरून लिहिलेली निवेदनं, घराघरांवर फलक. २०१६ मध्ये मंत्र्यांनी बंदचा विचार सोडला, शाळेसाठी रेडक्लिफ्स पार्कची जागा देण्यात आली आणि २०२० मध्ये नवी शाळा उघडली. फिलिप्सटाउनच्या निकालाने मंत्रालय सावध झालं होतं, हे यामागे असणार. शाळेचा पट, जागेचा धोका, सगळं वेगळं होतं हेही खरं. पण सरकारी अहवालातल्या भाषेत सरकारशी बोलणारी माणसं ज्या वस्तीत जास्त, तिथे लढाई लांबवता येते. आणि ज्या वस्तीत आई दोन पाळ्यांत काम करते तिथे सभेला यायलाच रजा काढावी लागते. बाईंचं यावरचं मत फार थोडक्यात आहे. त्या म्हणतात, ‘आमच्यात वकील नव्हता, वेळ नव्हता.’

शाळा बंद करणं हे प्रत्यक्षात कारकुनी काम असतं आणि ते कार्यालयाच्या वाट्याला येतं. विलीनीकरणासाठी नेमलेल्या नव्या मंडळाने सूचना पाठवल्या आणि बाईंनी टर्मच्या सुट्टीत कपाटं उघडली. दाखल-रजिस्टरं, मंडळाची इतिवृत्तं, जुन्या मुख्याध्यापकांच्या नोंदवह्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जायच्या, त्याआधी त्यांची यादी करायची. सर्वांत जुन्या रजिस्टरात मुलांच्या नावापुढे बापाचा धंदा लिहिलेला: गवळी, खाटीक, ट्रामचालक. शेवटच्या रजिस्टरात, म्हणजे संगणकात, ‘पुढील शाळा’ या रकान्यात एकच क्रमांक पुन्हा पुन्हा. पियानो कुणाचा? पालकांनी वर्गणी काढून घेतला होता, पावती नव्हती. बक्षिसांच्या फलकांवरची सोनेरी नावं कुठे लावायची? नव्या शाळेच्या सभागृहात तेवढी भिंत नव्हती. हरवलेल्या टोप्यांची पेटी बाईंनी निकालात काढली; निम्म्या टोप्यांवर लिहिलेली नावं ज्यांची होती ती मुलं शहरातच नव्हती.

माणसांचं समायोजन हा आणखी वेगळा भाग. नव्या शाळेतल्या जागांसाठी दोन्ही शाळांच्या शिक्षकांना अर्ज करावे लागले. दोन मुख्याध्यापक, जागा एक. वीस वर्षं एकाच वर्गात शिकवलेल्या शिक्षिकेला ‘आपण या पदासाठी का योग्य आहात’ हे लिहून द्यायचं होतं. काहींनी त्याआधीच राजीनामा दिला. कार्यालयातही खुर्ची एकच होती. आपल्या या बाईंना आठवड्याचे निम्मे तास मिळाले आणि पलीकडच्या शाळेतल्या बाईंना उरलेले. त्या दोघी आधी एकमेकींशी तोलूनमापून बोलायच्या. कामं वाटून घेता घेता त्यांची चांगली मैत्री झाली, आणि तिचं श्रेय त्या दोघी पुनर्रचनेच्या धोरणाला देत नाहीत.

मुलं? मुलं मोठ्यांच्या अंदाजापेक्षा लवकर रुळली. पहिल्या टर्ममध्ये मैदानावर जुन्या दोन शाळांचे दोन घोळके दिसायचे, दुसऱ्या टर्मला फुटबॉलने ते मोडले. नवी इमारत उबदार होती, स्वच्छतागृहं चांगली, भूकंपाला सक्षम. त्यात भिंती मात्र कमी. ऐंशी-नव्वद मुलं आणि तीन शिक्षक एकाच मोठ्या दालनात, हे त्या वेळच्या नव्या शाळांचं वैशिष्ट्य होतं. गोंगाटाला कंटाळून शहरातल्या काही शाळांनी पुढे पैसे खर्चून भिंती परत घातल्या. गेली ती चालत येणारी मुलं. अंतर वाढलं, मध्ये मोठा रस्ता आला. सकाळी फाटकाशी उभं राहून बोलणारे पालक आता गाडीची काच खाली करून हात हलवतात.

२०१७ च्या जुलैमध्ये न्यूझीलंडच्या मुख्य लोकपालांनी, पीटर बोशिअर यांनी, या सगळ्या प्रक्रियेची चौकशी करून अहवाल दिला. मंत्रालयाने लोकांना पुरेशी माहिती दिली नाही, मांडायला पुरेसा वेळ दिला नाही, आधीच हादरलेल्या लोकांशी वागताना तारतम्य ठेवलं नाही, असा त्याचा सूर होता. मंत्रालयाने जाहीर दिलगिरी व्यक्त केली. त्याच वर्षी अरानुईतल्या चार शाळा बंद होऊन त्यांच्या जागी हाएआटा संकुल सुरू झालं होतं. पाचव्या, चिझनलवूडने स्वतःला त्यातून आधीच सोडवून घेतलं होतं. फिलिप्सटाउनच्या रिकाम्या शाळेत तोवर स्थानिक संस्थांनी जागा घेतल्या होत्या आणि तिथे सामुदायिक केंद्र चालू झालं होतं. म्हणजे पटावर नसलेली कामं तिथे राहिली, पट तेवढा हलला.

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याच्या प्रस्तावाची चर्चा सुरू झाली. पानशेत आणि तोरणमाळच्या शाळांचे दाखले देत शिक्षण विभागाने जिल्ह्यांकडून माहिती मागवली. अशा शाळा सुमारे पंधरा हजार. शिक्षक संघटना आणि पालक विरोधात उभे राहिले. बाईंची मावसबहीण धाराशिव जिल्ह्यात, किल्लारीच्या भूकंपानंतर वसलेल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. तिचा फोन आला.

‘ताई, सतरा लेकरं हायेत बघ. तीन किलोमीटरवरच्या शाळंत घालू म्हनायलेत. गाडीचं भाडं देतेत म्हनं.’

‘लिहून दिलंय का, की तोंडी?’

‘तोंडी. माहिती तेवढी मागिवलीय, पट आन खोल्या.’

बाईंनी विचारलं, की शाळेत शाळेशिवाय आणखी काय चालतं? बहीण म्हणाली, काय चालायचंय, शाळाच चालती. मग आठवून आठवून सांगायला लागली. लसीकरण तिथेच. मतदान तिथेच. बचतगटाची बैठक शनिवारी दुपारी, कारण समाजमंदिराला कुलूप असतं. पावसात पत्रे उडाले तेव्हा दोन घरं आठ दिवस चौथीच्या वर्गात होती. ऊसतोडीला गेलेल्यांची तीन पोरं आजीजवळ राहतात, ती शाळा लांब गेली तर जायचीच नाहीत. कुणाची कोण, हे तिला नावानिशी माहीत होतं.

‘हे सगळं वहीत लिही,’ बाई म्हणाल्या. ‘तारखेसकट. लसीकरणाच्या तारखा नर्सबाईंकडून घे, बचतगटाच्या त्यांच्या इतिवृत्तातून. आणि ग्रामसभेत ठराव घे, सह्या घे, पोच घे.’

‘एवढं करून थांबतंय का?’

बाईंनी खरं ते सांगितलं, की त्यांच्याकडे ३१ पैकी १२ वाचल्या. बहिणीने जरा वेळ हिशेब केला आणि सोमवारी वही घेते म्हणाली.